मांडीवरचा दगड

नवरा गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा दगड माझ्या मांडीवर ठेवला गेला आणि मला सांगण्यात आलं, "निवला की सांगा. तवर त्यो गेला असं आमी धरत न्हाई."

दगड आधीच गार होता. हॉस्पिटलातून घड्याळ, मोबाइल आणि कमरेचा पट्टा यांच्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून तो घरी आला, तेव्हाही गारच होता. निवला हा शब्द मी तिथल्या तिथे बोलू शकले असते. पण समोर सासूबाई बसल्या होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या शब्दाबरोबर त्यांचा मुलगा संपणार होता, आणि तो बोलायचा अधिकार त्यांना नव्हता, मला होता. ही वाटणी कुणी केली देव जाणे.

ही माणसं कोण ते आधी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी मनचं काहीतरी सांगते आहे. बेडशाच्या डोंगराखाली आणि पवनेच्या बाजूला दोन-चार वस्त्यांवर मिळून यांची थोडी घरं आहेत. आसपासचे लोक त्यांना धोंडकरी म्हणतात. ते स्वतःला नुसतं 'आपली माणसं' म्हणतात. बाकी सगळं चारचौघांसारखं. भात लावतात, गणपतीसुद्धा बसवतात, कारण तो मातीचा असतो. दगडाची मूर्ती मात्र चालत नाही. दगड मुळातच थोर, त्याला नाक-डोळे काढायचे म्हणजे छिन्नीनं दुखवायचं, आणि दुखवलेल्यापुढे हात जोडून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दगड फोडायचा नाही, कापायचा नाही, त्याला शेंदूर फासायचा नाही. मावळात राहून हा धर्म पाळायचा म्हणजे मासळीबाजारात राहून शाकाहारी असण्यासारखं आहे. जिकडे बघाल तिकडे खाण, खडी मशीन, बोगदा. कुठे सुरुंग उडाला की सासूबाई आपला दगड पदराखाली झाकून घ्यायच्या, लहान मुलाचे कान झाकावेत तशा.

माझं माहेर लोणावळ्याचं. वडील रेल्वेत होते, घरात देव्हारा होता, चतुर्थीला उपास होता आणि दगड म्हणजे दगड होता. पुढे मी एका हॉटेलच्या लाँड्रीत लागले. तिथलं चादरी धुवायचं मोठं मशीन सारखं बिघडायचं आणि ते दुरुस्त करायला तळेगावहून एक माणूस यायचा. त्याच्या पँटच्या खिशात कायम काहीतरी जड असायचं. मशीनखाली आडवा झाला की ते फरशीवर टक्‌ वाजायचं. एकदा मी विचारलं, "हे काय, कुत्र्यांसाठी ठेवता का?" त्यानं मुठीत मावेल असा काळा गुळगुळीत दगड बाहेर काढला आणि म्हणाला, "नाही, माझ्यासाठी." मला वाटलं हा माणूस वेडा आहे. मग त्याच्याशी लग्नच केलं.

लग्नात मंगळसूत्राच्या जोडीला मलाही दगड मिळाला. त्याला ते 'सोबत' म्हणतात. मूल जन्माला आलं की घरातलं थोरलं माणूस ओढ्यावर जाऊन त्याच्यासाठी एक दगड उचलून आणतं. बाहेरून आलेल्या सुनेसाठी सासू आणते. माझ्या सासूबाईंनी आणला तो तांबूस, जरा बेढब आणि एका अंगाला टवका उडालेला. मी म्हटलं, "आई, जरा गोल बघायचा होता." त्या म्हणाल्या, "गोल बी व्हते की. पन ह्यो तुज्यावानी दिसला." पहिल्याच आठवड्यात आमचं जमलं ते असं.

या दगडाची पूजाबिजा काही नसते. हळद नाही, कुंकू नाही, फूल नाही. दिवसातून एकदा तरी तो हातात धरायचा आणि अंगाची ऊब त्याला द्यायची, एवढंच. जन्मभर दिलेली ऊब दगड ठेवून घेतो. माणूस गेल्यावर तो ती हळूहळू सोडतो, आणि सगळी सोडून झाली की माणूस खरा गेला. ती कधी सोडून झाली हे एकालाच कळतं, ज्याच्या मांडीवर दगड ठेवतात त्याला. बायकोसाठी नवरा, नवऱ्यासाठी बायको, कुणीच नसेल तर मोठं मूल. त्यानं "निवला" म्हटलं की दगड परत ओढ्यावर नेऊन ठेवतात आणि घरचे रडायला मोकळे होतात. तोवर रडायचं नाही. तोवर गेलेल्याचं ताट वाढायचं, त्याचं अंथरूण घालायचं, आणि तो 'होता' म्हणायचं नाही, 'आहे' म्हणायचं. आणि मांडीवरच्या दगडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. हे सगळ्यांत कडक.

सासरे गेले तेव्हा दगड सासूबाईंच्या मांडीवर होता. गौरी येऊन गेल्या, दिवाळी झाली, संक्रांत झाली. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "निवला गं," आणि पुढचा खडा काढला. मी रात्री नवऱ्याला विचारलं, "खरंच ऊब असते का रे?" तो म्हणाला, "आई म्हणाली म्हणजे असणार." त्याला जास्त खोलात जायची सवय नव्हती. मशीन सोडून कशातच नव्हती.

त्यानंतर आम्ही सासूबाईंना तळेगावजवळ वराळ्याला आमच्या फ्लॅटवर आणलं आणि स्वयंपाकघरात पंचाईत झाली. ओटा ग्रॅनाइटचा. कापलेला, घासलेला, वर चकाकणारा. त्या दारातच थबकल्या आणि म्हणाल्या, "ह्याला केवडा तरास दिलाय." मग खाली बसून शेगडीवर स्वयंपाक करू लागल्या. मी ओट्यावर पोळ्या लाटायचे आणि त्या जमिनीवरून माझ्याकडे अशा बघायच्या, की मी कुणाच्या तरी पाठीवर पोळपाट ठेवलाय. शेवटी नवऱ्यानं ओट्यावर प्लायवूडची फळी बसवली. तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी फळी जरा उचलायच्या, खालच्या ग्रॅनाइटवर हात ठेवून काहीतरी पुटपुटायच्या आणि मगच दूध तापवायच्या. घर बघायला आलेल्या माझ्या मैत्रिणींना मी फळीचं कारण वाळवी सांगायचे. ग्रॅनाइटला वाळवी, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

मार्गशीर्षात त्या आम्हाला बेडशाच्या लेण्यांवर न्यायच्या. बाकीचे लोक लेणी बघायला जातात, ही माणसं जखम बघायला जातात. पायऱ्यांवरून नाही चढायचं, कडेच्या गवतातून चढायचं. वर गेल्यावर हात पाण्यानं ओला करून भिंतीवर ठेवायचा. सासूबाई भिंतीला कान लावून विचारायच्या, "अजून दुखतंय का?" फोटो काढायला आलेली मंडळी थांबून बघायची. मला लाज वाटायची, पण मीही हात ठेवायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

तर असा हा संसार. आणि एका दुपारी नवरा एका कारखान्यात मशीन दुरुस्त करायला गेला होता तिथे जेवायला बसला आणि ताटावरच खाली वाकला. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. मी लोणावळ्याहून पोचले तेव्हा एकानं मला पिशवी दिली आणि विचारलं, "मॅडम, हा दगडपण त्यांचाच का?" मी हो म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही. त्यानंतर बराच काळ मला काहीच सुचलं नाही, आणि काहीच वाटलं नाही.

जाळणं वगैरे सगळं इतरांसारखंच होतं. मग वस्तीवरून आबा आले. हे माझे चुलत सासरे, आपल्या माणसांतले सगळ्यांत वडील. त्यांनी पांढऱ्या फडक्यात धरून दगड माझ्या मांडीवर ठेवला. सगळे गेल्यावर सासूबाई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांनी विचारलं,

"ऊब हाय का?"

मी म्हटलं, "आहे."

का म्हटलं? दया आली म्हणून, असं लिहायला बरं वाटलं असतं. पण दया यायला आत काहीतरी हलावं लागतं. मी हो म्हटलं कारण तेव्हा तेच कमी कष्टाचं होतं. नाही म्हटलं असतं तर माणसं पुन्हा आली असती, ओढ्यावर जावं लागलं असतं, आणि सगळ्यांनी माझ्या रडण्याची वाट पाहिली असती. मला रडू येत नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा असून नसल्यासारखा होतो, तशी मी अख्खी होते.

मी कामावर जाऊ लागले. सकाळी हॉटेलची गाडी यायची. उर्शाच्या टोलनाक्यावर ड्रायव्हर रोज तोच विनोद करायचा आणि मी रोज हसायचे, कारण हसणं कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं हे पाठ झालं होतं. लाँड्रीत चादरी घड्या घालायच्या. पर्यटकांचे डाग पडलेल्या चादरी मला आधी किळसवाण्या वाटायच्या, आता वाटेनात. एकदा इस्त्रीच्या रोलरला माझं मनगट लागलं आणि शेजारची मुलगी किंचाळली, तेव्हा मी खाली बघितलं. चामडी पांढरी पडली होती. दुखायला हवं होतं. मी नळाखाली हात धरला आणि पाणी गार आहे की कोमट तेही कळलं नाही.

दिवसभर दगड त्याच्या उशीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर असायचा. संध्याकाळी मी हातपाय धुऊन खाली बसायचे, दगड मांडीवर घ्यायचे, दोन्ही हात त्यावर ठेवायचे. सासूबाई समोर येऊन बसायच्या.

"ऊब हाय का?"

"आहे."

मग त्या उठून तीन ताटं वाढायच्या. त्याच्या ताटातली भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गॅलरीत कुस्करून ठेवायच्या आणि कबुतरं ती खायची. "त्याला वांगं आवडतं," असं त्या म्हणायच्या आणि मी म्हणायचे, "हो, आवडतं." बाहेर कागदपत्रांसाठी जावं लागे तिथे मात्र तो 'होता' असायचा. दारातून आत आलं की पुन्हा 'आहे'. मला दोन्हीकडे काही फरक वाटत नव्हता.

नियमाच्या बाबतीत सासूबाई पोलादी. एकदा दगड माझ्या मांडीवरून घरंगळून पलंगाखाली गेला आणि त्याच वेळी दारावर गॅसवाला आला. मी दार उघडून, पावती घेऊन परत आले, तोवर त्या पलंगाशी ओणव्या होऊन नुसत्या बघत होत्या. हात पाठीमागे धरलेले. "हितं हाय, हितं," एवढंच म्हणाल्या. स्वतःचं पोर पडलं आणि उचलायचं नाही, अशी त्यांची अवस्था होती, आणि मी ती बघून गॅसची पावती डब्यात ठेवली.

पाऊस संपला, दसरा झाला, थंडी सुरू झाली. थंडी पडली तसा दगड आणखी गार लागू लागला. वराळ्याला आमची बिल्डिंग उघड्या माळावर आहे. संध्याकाळचं वारं सरळ आत येतं. दगड मांडीवर घेतला की साडीतून गारठा लागायचा आणि मी म्हणायचे, "आहे." सासूबाई मान हलवायच्या. माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होतं ते मला ठाऊक नाही. काहीच दिसत नसावं.

आणि एका संध्याकाळी दगड गरम होता.

कोमट म्हणू. पण खरोखर कोमट, आतपर्यंत. मी हात ठेवला आणि झटकन काढला. पुन्हा ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "ऊब हाय का?" आणि मी दगड उलटा करून दुसऱ्या बाजूनं चाचपला. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "आहे, आई. आहे हो!" कितीतरी दिवसांनी माझा आवाज मलाच ऐकू आला. मी घाबरले होते. घाबरणं हीसुद्धा एक चैन असते हे मला तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. ऊन लागून तापला असेल म्हणून मी खिडकी पाहिली, पण उशीवर ऊन येतच नाही. मग मी शोध थांबवला. लोणावळ्याच्या रेल्वेवाल्याची मुलगी, जिनं दगडाला कधी दगडाशिवाय काही मानलं नाही, ती संध्याकाळची गाडी लवकर यावी म्हणून गेटवर उभी राहू लागली. घरी येऊन मी दगड मांडीवर घ्यायचे आणि मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचे. डबा न घेता गेलास त्या दिवशी, म्हणायचे. छातीत दुखतंय हे आदल्या रात्री का नाही बोललास, म्हणायचे. ड्रायव्हरच्या विनोदावर मी हसायची बंद झाले, कारण तो खरंच फार वाईट विनोद होता. भाजीला मीठ कमी पडलंय हे मला कळू लागलं. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा सासूबाईंना एवढा आनंद झाला, की त्यांनी मीठ जास्त घातलं.

त्यांना खोकला झाला होता. थंडीचा असेल म्हणून मी काढा करून देत होते. त्यांच्याकडे नीट बघण्याइतकी मी अजून जागी झाले नव्हते.

याच सुमारास आबा आले. त्यांनी चहा घेतला आणि सावकाश विषयाला हात घातला. "सूनबाई, लोकं इचारत्यात. घाई न्हाई. तुमास्नी वाटंल तवा सांगा. पन उगा धरून ठिवू नगा, आन् उगा सोडू बी नगा."

मी म्हटलं, "ऊब आहे, आबा."

"हाय तर हाय." मग त्यांनी पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईची हकीकत सांगितली. तिचा मुलगा गेला, दगड सुनेच्या मांडीवर होता. आईला राहवेना. सून पाण्याला गेली की ही बाई दगड जवळ घ्यायची. ते उघडकीला आलं. "तिला कोन काय बोललं न्हाई," आबा म्हणाले. "पन ती गेली तवा तिचा सोताचा दगड कुनी मांडीवर घेतला न्हाई. कोपऱ्यात पडून ऱ्हायला. ती बाई गेली बी न्हाई आन् हाय बी न्हाई. आमच्यात ह्यापरीस वंगाळ काय न्हाई."

सासूबाई डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आबा जाताना त्यांना म्हणाले, "वयनी, खोकल्याचं बगा," आणि त्या म्हणाल्या, "व्हय व्हय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हॉटेलचा बॉयलर बंद पडला आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. माझ्याकडे किल्ली होती. सासूबाई झोपल्या असतील म्हणून मी आवाज न करता दार उघडलं. आमच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं.

त्या खाली फरशीवर उताण्या पडल्या होत्या. पातळ बाजूला केलेलं. उघड्या पोटावर, बेंबीच्या खाली, दगड. दोन्ही तळहात त्यावर घट्ट दाबलेले. अंगावर पांघरूण नव्हतं आणि त्या थंडीनं कुडकुडत होत्या. अंगातली होती नव्हती ती ऊब दगडात घालायची तर अंगाला दुसरं काय होणार? शेगडी होती, गॅस होता, गरम पाणी होतं. पण विस्तवावर तापवलेला दगड त्यांच्या लेखी खोटा. ऊब माणसाचीच हवी. डोळे मिटून त्या त्याच्याशी बोलत होत्या.

"लेकरा, ती यील आता. ती येस्तवर धर. तिला कळू दे. दगड झालीय रं ती."

मी तशीच मागे सरले, दार ओढून घेतलं आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले. मला राग आला. इतका राग मला नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. मी भांडले कुणाशी इतके दिवस? म्हातारीच्या पोटाशी? वॉचमननं विचारलं, "मॅडम, किल्ली हरवली का?" मी हो म्हटलं. मग रागही उतरला आणि पुन्हा ते जुनंच, इंजेक्शन दिल्यासारखं, सगळीकडे पसरलं. रोजच्या वेळेला मी वर गेले.

"ऊब हाय का?"

"आहे," मी म्हटलं. खरंच होती.

तसे आणखी काही दिवस गेले. मला कळलंय हे त्यांना सांगणं शक्य नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच जाऊन आबांना सांगितलं असतं, इतक्या त्या सरळ आहेत. मग पुढे कधीतरी त्यांचा दगड कोपऱ्यात पडून राहिला असता. त्यांना हे सगळं ठाऊक होतं आणि तरी त्या रोज दुपारी फरशीवर आडव्या होत होत्या. मुलाला धरून ठेवण्यासाठी नव्हे. मला काहीतरी वाटावं म्हणून.

खोकला वाढला. मी त्यांना तळेगावला डॉक्टरकडे नेलं. छातीत कफ साठला होता. डॉक्टरनं पोट तपासायला पातळ जरा सरकवलं तर तिथे गोल, निळसर वण. "आजी, हे काय?" सासूबाई म्हणाल्या, "पडले व्हते." खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांनी लगेच जीभ चावली. डॉक्टर मला म्हणाल्या, "यांना अजिबात गारठा लागू देऊ नका. या वयात हे अंगावर काढलं तर जड जाईल." मी म्हटलं, "नाही लागू देणार." दुसऱ्या दिवशी मी रजा मागितली, ती मिळाली नाही. कामावर गेले. दिवसभर मला चादरी दिसत नव्हत्या, फरशी दिसत होती.

त्या संध्याकाळी सासूबाईंना ताप होता. डोळे लाल, ओठ सुकलेले. तरी त्या भिंतीला टेकून समोर बसल्या. मी दगड मांडीवर घेतला. इतका गरम तो कधीच नव्हता. साडीतून ऊब मांडीपर्यंत आली. त्या मुलाला जन्म देताना त्यांच्या अंगात जेवढी होती तेवढी सगळी त्यांनी त्यात घातली असावी.

"ऊब हाय का?"

मी दोन्ही हात दगडावर ठेवले.

"नाही, आई. निवला."

त्यांना ठाऊक होतं तो किती गरम आहे. मी यायच्या जरासं आधीच त्यांनी तो उशीवर ठेवला असणार.

"नीट बग," त्या म्हणाल्या.

"बघितलं."

"अजून येकदा बग गं."

"निवला, आई," मी म्हटलं. तळहात भाजत होते.

एकदा निवला म्हटलं की त्या दगडाला कुणीही हात लावू शकतं. सासूबाई बसल्या जागेवरून सरकत माझ्याजवळ आल्या. त्यांनी आपला हात माझ्या हातांच्या मधे घातला आणि दगडावर टेकवला. त्यांची स्वतःचीच ऊब त्यांच्या हाताला लागली. मला वाटलं आता त्या बोलतील, मला खोटं पाडतील, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला तेच हवं होतं. आहे म्हणाव्यात, गरम आहे म्हणाव्यात, तो आहे म्हणाव्यात.

"व्हय," त्या म्हणाल्या. "निवला."

माझा नवरा गेला होता. मी रडायला लागले, आणि मला थांबता येईना.